बढती घ्या, पण आधी यजमानांचा जन्मदाखला काढा

ताई, नमस्कार.

मी डॅलसला एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत सीनियर इंजिनिअर आहे. पुण्यातून २००६ साली बीई झाले, सात वर्षं तिथेच नोकरी केली, २०१३ला एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, इथे आले आणि २०१५पासून याच कंपनीत आहे. कंपनीने नोव्हेंबर २०१६मध्ये माझं पर्म, म्हणजे ग्रीन कार्डासाठी श्रम खात्याच्या मंजुरीचा अर्ज, भरलं; ईबी-३, म्हणजे नोकरीच्या मार्गातल्या तिसऱ्या श्रेणीत. पुढच्या फेब्रुवारीत आय-१४०, म्हणजे माझ्यासाठी कंपनीने केलेला ग्रीन कार्डाचा अर्ज, मंजूर झालं. तेव्हापासून दर महिन्याला व्हिसा बुलेटिन, म्हणजे रांग कुठल्या तारखेपर्यंत आली ते सांगणारं सरकारी पत्रक, बघायचं आणि सुस्कारा सोडायचा, एवढंच चालू आहे.

आता मला इंजिनिअरिंग मॅनेजर करतायत. हाताखाली आठ माणसं, पगारही बरा वाढतोय. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं आहे. एचआरने मात्र मेल पाठवली की ग्रीन कार्डची फाइल सीनियर इंजिनिअरच्या पदाची आहे, नव्या पदाला ती चालणार नाही, नवीन पर्म करावं लागेल, आणि लेऑफनंतर कंपनीने पर्म करणं थांबवलं आहे. इतक्या वर्षांची रांग एका सहीने घालवायची का? मंडळातली एक मैत्रीण म्हणते, मॅनेजर झालीस की ईबी-१, दोन वर्षांत कार्ड हातात. दुसरी म्हणते, निदान ईबी-२ तरी करून घे. आई पुण्याहून विचारते, बढती कोणी नाकारतं का?

नवरा एच-४ ईएडीवर, म्हणजे माझ्या व्हिसावर अवलंबून असलेल्या नोकरीच्या परवान्यावर, काम करतो. सासरे मस्कतला नोकरीला होते, तो जन्मला तिथेच, चार वर्षांचा असताना सगळे चिपळूणला परतले. त्यामुळे पुन्हा बिऱ्हाड हलवायचं नाव काढलं की त्याच्या अंगावर काटा येतो. मुलगी २०१२ची, जन्म पुण्याचा. एकवीसनंतर ती आमच्या अर्जात धरली जाणार नाही; तोवर नंबर लागला नाही तर काय, या विचाराने मला झोप लागत नाही. बढती घेऊ की नको?

– ना इकडची ना तिकडची, डॅलस

*

नमस्कार डॅलसकर,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात किमती वाक्य सासऱ्यांबद्दलचं आहे, आणि ते तुम्ही नवऱ्याचा स्वभाव सांगण्याच्या ओघात लिहून पुढे गेलात. तुमचे यजमान मस्कतला जन्मले असतील आणि ते कागदोपत्री दाखवता येत असेल, तर तुमचा नंबर बहुधा केव्हाच लागला आहे. तुम्ही चुकीच्या रकान्यातली तारीख बघत बसला आहात.

ग्रीन कार्डाच्या रांगेत देश बघतात तो जन्माचा, पासपोर्टचा नाही. नोकरीच्या मार्गाने वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं निघतात, तीही अर्जदारांचे नवरे, बायका आणि मुलं धरून. एका देशात जन्मलेल्यांना त्यातली ढोबळमानाने सात टक्केच मिळतात. १९९०च्या कायद्याने हे आकडे ठरले आणि तेव्हापासून तसेच आहेत. भारताची रांग एवढी तुंबली ती या सात टक्क्यांमुळे. पण कायद्याने एक सोय ठेवली आहे. नवरा-बायको एकत्र ग्रीन कार्ड घेत असतील तर दोघांपैकी ज्याच्या जन्मदेशाची रांग सोयीची, त्या रांगेत दोघांनाही उभं राहता येतं. वकील मंडळी याला क्रॉस-चार्जेबिलिटी म्हणतात. मुलांनाही आई किंवा बाबांच्या देशाचा आधार घेता येतो, तेव्हा मुलीचा जन्म पुण्याचा असला तरी अडत नाही. यजमान भारतीय नागरिक आहेत, वयाच्या चौथ्या वर्षापासून चिपळूणला वाढले, यानेही काही बिघडत नाही. आखातातल्या नोकऱ्यांच्या काळात मस्कत, कुवेत, दुबईला जन्मलेली कोकणातली कितीतरी मुलं आज अमेरिकेत आहेत, आणि त्यातल्या अनेकांना हे ठाऊकच नसतं.

सप्टेंबर २०२५चं बुलेटिन उदाहरणादाखल घ्या. भारताची ईबी-३ची तारीख तेव्हा २२ मे २०१३ होती, म्हणजे त्याआधी रांगेत लागलेल्यांचाच नंबर आला होता. ओमान ज्या ‘बाकी सगळे देश’ या रकान्यात मोडतो, तिथे ती १ एप्रिल २०२३ होती. तुमची तारीख पर्म भरल्याची, नोव्हेंबर २०१६. म्हणजे पहिल्या रकान्यात तुम्ही साडेतीन वर्षं मागे आहात, आणि ती साडेतीन वर्षं सरकायला प्रत्यक्षात किती वर्षं लागतील हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दुसऱ्या रकान्यात तुम्ही सहा वर्षांहून जास्त पुढे आहात. बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात, एक अर्ज भरायच्या तारखेचा आणि एक शेवटच्या कारवाईच्या तारखेचा. अर्ज कधी भरता येतो हे त्या त्या महिन्याच्या बुलेटिनवर आणि यूएससीआयएस, म्हणजे इमिग्रेशनचं सरकारी खातं, त्या महिन्यात कोणता तक्ता मान्य करतं यावर ठरतं, म्हणून चालू महिन्याचं नक्की बघा. पण एवढं अंतर एका रात्रीत मिटत नाही.

हे वकिलाने आधी का नाही सांगितलं, असा प्रश्न तुम्हाला पडेल. फाइल कंपनीची, वकील कंपनीचा, आणि मोठ्या फर्ममध्ये एकेका माणसाकडे शेकडो फायली. तुमचं नाव, भारत, ईबी-३, थांबा. पुढचं पान कोणी उलटलं नसावं. आय-१४०च्या फॉर्मवर जोडीदाराचं नाव आणि जन्मदेश लिहायला जागा असते. एचआरकडून त्या फॉर्मची प्रत मागवा आणि तिथे ओमान लिहिलंय की सवयीने भारत, ते बघा. चुकून भारत लिहिलं असेल तर घाबरू नका. वकिलाकडून खुलासा जोडता येतो. पण काय लिहिलंय हे अर्ज भरण्याआधी तुम्हाला माहीत हवं.

आता कागद. ओमानी जन्मदाखला असेल तर उत्तम. नसेल तर तिथल्या भारतीय दूतावासात झालेली जन्मनोंद, पासपोर्टवरचं जन्मस्थान, सासू-सासऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, अशी जुळवाजुळव करावी लागेल. यजमानांच्या जुन्या पासपोर्टपासून सुरुवात करा. आणि शाळा सोडल्याचा दाखला मुद्दाम तपासा. बाहेरून आलेल्या मुलाचं नाव शाळेत घालताना जन्मगाव म्हणून मूळ गाव लिहून टाकायची आपल्याकडे सर्रास पद्धत होती. दाखल्यावर चिपळूण आणि पासपोर्टवर मस्कत असेल तर अधिकारी विचारणारच. एच-४च्या व्हिसासाठी भरलेल्या फॉर्मवर त्यांनी जन्मस्थान काय लिहिलं होतं, तेही आठवून ठेवा. सगळीकडे एकच गाव हवं. नसेल तिथे कारण आणि पुरावा हवा. आणि जन्म मस्कतला झालाच नसेल, घरात नुसतं तसं बोललं जात असेल, तर हा विषय इथेच सोडा. जन्मस्थान ओढूनताणून सिद्ध करायला गेलात तर रांगेबरोबर इथलं राहणंही जाईल.

आता बढतीकडे वळते, कारण मस्कतचा कागद निघतो की नाही यावर तिचं उत्तर बदलतं.

एचआरच्या मेलमध्ये एक गोष्ट खरी आहे आणि तिच्यावरून तुम्ही काढलेला अर्थ चुकीचा आहे. खरं हे की नोकरीवरून मिळणारं ग्रीन कार्ड एका विशिष्ट पदासाठी असतं. कंपनीने २०१६ला श्रम खात्याला सांगितलं होतं: हे काम, हा पगार, किमान पात्रता बीई आणि दोन वर्षांचा अनुभव, आणि जाहिरात देऊनही योग्य अमेरिकन उमेदवार मिळाला नाही. ईबी-२ की ईबी-३ हे त्या ‘किमान पात्रता’च्या ओळीवरून ठरलं. तुमच्याकडे तेव्हाही नऊ-दहा वर्षांचा अनुभव होता, पण तो त्या ओळीत कोणी विचारलाच नव्हता. हे एकदा नीट समजून घेतलं की मंडळातले निम्मे वाद मिटतात. श्रेणी पदाची असते. तुम्ही कितीही शिकलात, कितीही मोठ्या झालात, तरी मंजूर झालेल्या फाइलची श्रेणी त्याने बदलत नाही.

पण प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत लागल्याची तारीख, तुमची असते. एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल म्हणा. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस उलटले की कंपनीने ते मागे घेतलं तरी तेवढ्या कारणाने रद्द होत नाही. जानेवारी २०१७पासून नियमातच तसं लिहिलं आहे. तुमचं तर कंपनी मागेही घेत नाहीये. पुढे याच कंपनीने मॅनेजरच्या पदासाठी नवीन पर्म केलं, किंवा उद्या दुसऱ्या कंपनीने केलं, तरी नोव्हेंबर २०१६ ही तारीख त्या नव्या फाइलला लागते, मग ती ईबी-१ असो, ईबी-२ असो की ईबी-३. तारीख जाते ती फसवणूक उघडकीला आली, श्रम खात्याची मंजुरीच रद्द झाली, किंवा मंजुरी देतानाच सरकारची ठळक चूक झाल्याचं निघालं तर. बढतीचं पत्र स्वीकारल्याने ती जात नाही. तेव्हा इतक्या वर्षांची रांग एका सहीने जाणार, ही भीती मनातून काढून टाका.

मैत्रिणींचे सल्लेही बघू. ईबी-१मध्ये मॅनेजरांसाठी जो प्रकार आहे, ईबी-१सी, तो एका देशातून दुसऱ्या देशात बदलून आलेल्या मॅनेजरांसाठी आहे. अमेरिकेत येण्याआधीच्या तीन वर्षांत किमान एक वर्ष तुम्ही याच कंपनीच्या परदेशातल्या शाखेत किंवा भगिनी कंपनीत मॅनेजर असायला हवं होतं. तुम्ही पुण्यात वेगळ्याच कंपनीत इंजिनिअर होतात. डॅलसमध्ये मॅनेजर झाल्याने हे दार उघडत नाही. काही जण यासाठी वर्षभर भारतात किंवा कॅनडात त्याच कंपनीत मॅनेजर म्हणून जातात आणि परत येतात. मॅनेजर म्हणजे खरोखर मॅनेजर, नावाला नव्हे; हे प्रकरण बारकाईने तपासलं जातं. भारतासाठी ईबी-१ची तारीखही सप्टेंबर २०२५मध्ये फेब्रुवारी २०२२वर होती, म्हणजे तुमच्या २०१६च्या तारखेला ती लगेच खुली झाली असती. पण मुलगी ऐन शाळेच्या वर्षांत, नवऱ्याला बिऱ्हाडाचा तिटकारा, आणि परतल्यावर हे पद असेलच याची लेखी हमी कोणी देत नाही. मी तरी हे सुचवणार नाही.

ईबी-२चा सल्ला त्यापेक्षा बरा आहे, पण तो देणाऱ्यांना त्यातलं खरं बळ कुठे आहे हे माहीत नसतं. ईबी-२साठी पदाची किमान पात्रता मास्टर्स, किंवा बीईनंतर पाच वर्षांचा चढत्या जबाबदारीचा अनुभव अशी हवी. तुमची चार वर्षांची बीई आहे, तेव्हा पदवीचा प्रश्न नाही. तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीकॉम असणाऱ्यांचं घोडं इथे अडतं, कारण तीन वर्षांची पदवी अमेरिकन बॅचलरच्या बरोबरीची सहसा धरत नाहीत. अनुभवाच्या बाबतीत नियम असा की ज्या कंपनीत काम करताय तिथेच मिळवलेला अनुभव पर्ममध्ये एरवी मोजता येत नाही. मात्र नवीन पद जुन्यापेक्षा निम्म्याहून अधिक वेगळं असेल तर मोजता येतो. इथे बढतीचा खरा उपयोग होतो. कोड लिहिणारी इंजिनिअर आणि आठ माणसांची कामं, मूल्यमापन, नेमणुका, बजेट बघणारी मॅनेजर ही दोन कामं निम्म्याहून अधिक वेगळी आहेत हे दाखवणं अवघड नाही. तुम्हाला त्याची गरजही नाही म्हणा, २००६ ते २०१५चा बाहेरचा अनुभव पुरेसा आहे. पण एकाच कंपनीत पदवीनंतर लगेच लागलेल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं.

प्रश्न एवढाच की ईबी-२ करून मिळणार काय? सप्टेंबर २०२५मध्ये भारताची ईबी-२ची तारीख १ जानेवारी २०१३ होती, म्हणजे ईबी-३च्याही मागे. या दोन तारखांची शर्यत गेली काही वर्षं गमतीशीर चालली आहे. ऑक्टोबर २०२०ला ईबी-३ एकदम पुढे गेली, तेव्हा ईबी-२वाल्यांनी धावपळ करून खालच्या श्रेणीत फाइल केल्या. २०२२च्या सप्टेंबरात ईबी-२ पार डिसेंबर २०१४पर्यंत पोचली आणि पुढच्याच महिन्यात एप्रिल २०१२वर येऊन आदळली. दोन्ही श्रेणींची मंजुरी हाताशी असलेल्यांनी त्या गडबडीत जी पुढे असेल तिच्यावर आपला अर्ज हलवून घेतला. म्हणून कंपनीचं पर्म पुन्हा सुरू झालं की ईबी-२ची फाइल जरूर करून घ्या, दुसरं तिकीट म्हणून. बढतीच्या पत्रात ‘पर्म सुरू झाल्यावर मॅनेजरच्या पदासाठी प्रक्रिया करू’ एवढं एक वाक्य मागा. पर्मचा वकील आणि जाहिरातींचा खर्च कायद्यानेच कंपनीवर आहे, तो तुमच्या पगारातून कापायची बोलणी कोणी केली तर स्पष्ट नाही म्हणा. ईबी-३पेक्षा ईबी-२ प्रतिष्ठेची म्हणून जीव टाकणारी मंडळी मी बघते, त्यांचं मला नवल वाटतं. कार्ड हातात आल्यावर श्रेणी कोणी विचारत नाही.

तुम्ही काळजी करत होतात ग्रीन कार्डाची, पण बढतीचा खरा धक्का बसतो एच-१बीला, आणि त्याबद्दल एचआरच्या मेलमध्ये काही आल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. तुमचं एच-१बी सॉफ्टवेअर डेव्हलपरच्या कामावर आहे. सरकारी वर्गीकरणात कॉम्प्युटर मॅनेजर हा वेगळा गट, वेगळा कोड, आणि त्याचा ठरलेला पगारही वरचा. कामाचं स्वरूप इतकं बदलत असेल तर नवं काम सुरू करण्याआधी एच-१बीमध्ये दुरुस्तीचा अर्ज गेला पाहिजे. नुसतं पद ‘सीनियर’चं ‘स्टाफ’ झालं आणि काम तेच राहिलं तर सहसा गरज पडत नाही. तुमच्या बाबतीत मला ती पडेल असं वाटतं. ‘आधी कामाला लागा, कागद मागून बघू’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. पुढे एखादा अधिकारी नव्या पदाच्या तारखेपासून तुम्ही नियमाबाहेर होतात असं म्हणाला, तर निस्तरायचं तुम्हालाच.

मस्कतचा कागद निघाला नाही, तर माझं उत्तर सोपं आहे. बढती घ्या. एच-१बीची दुरुस्ती करून घ्या, आय-१४०ची प्रत आणि पर्मची प्रत स्वतःच्या फायलीत ठेवा, ईबी-२चं वाक्य लिहून घ्या. पुण्यातल्या जुन्या कंपनीकडून कामाचं स्वरूप लिहिलेलं अनुभवपत्र आत्ताच मागवा; आपल्याकडची रिलीव्हिंग लेटर फक्त तारखा सांगतात, आणि कंपनी बंद पडली की तेव्हाच्या साहेबांना शोधत फिरावं लागतं. मुलीच्या वयाचा हिशेब तेव्हा खरा जाचेल. ती २०३३ला एकवीसची होईल. आय-१४० जितके दिवस निर्णयाविना पडून होतं तेवढे दिवस तिच्या वयातून वजा होतात. तुमचं फाइल केल्यापासून मंजुरीपर्यंत किती दिवस गेले ते काढून ठेवा. हिशेबासाठी तिचं वय कोणत्या तक्त्यावरून धरायचं, म्हणजे गोठवायचं, याचा नियम ऑगस्ट २०२५मध्ये यूएससीआयएसने कडक केला. अर्ज भरायच्या तारखेचा तक्ता आता धरत नाहीत, शेवटच्या कारवाईच्या तारखेचाच धरतात.

आणि कागद निघाला, तर बढती पुढे ढकला.

हो, ढकला. कारण असं. तुम्हाला आता नवीन पर्मही नको आणि नवीन आय-१४०ही नको; कंपनीने पर्म थांबवलं आहे याचा तुमच्याशी संबंधच उरत नाही. लागतो तो आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज, तुम्हा तिघांचा. त्याला सप्लिमेंट-जे नावाचा एक फॉर्म जोडतात. त्यावर कंपनी सही करते की आय-१४०मधल्या पदावर या बाईंना नेमायचा आमचा इरादा आजही कायम आहे. तुम्ही त्याच वेळी मॅनेजर झालेल्या असाल, आणि कंपनीचा तुम्हाला पुन्हा इंजिनिअरच्या खुर्चीवर बसवायचा विचार नसेल, तर ही सही खरी राहत नाही. कोणी कितीही म्हणालं ‘फॉर्मॅलिटी आहे’, तरी खोटी सही घेऊ नका.

उलट, अर्ज दाखल होऊन १८० दिवस झाले की कायदा तुम्हाला मोकळीक देतो. काम ‘तेच किंवा त्यासारखं’ असेल तर पद बदललं, कंपनी बदलली, तरी चालतं. २००० सालच्या कायद्यातली ही तरतूद. इंजिनिअरने वर चढून आपल्यासारख्याच इंजिनिअरांचं व्यवस्थापन करणं यात बसू शकतं, असं यूएससीआयएसच्या मार्च २०१६च्या सूचनापत्रात आहे. तुमच्या हाताखालचे आठ जण सॉफ्टवेअर इंजिनिअरच असतील, तर तुमचं उदाहरण जवळजवळ त्यातलंच. विक्री विभागाच्या मॅनेजर होणार असतात तर मी हे लिहिलं नसतं. त्या वेळी मॅनेजरच्या पदाचं नवीन सप्लिमेंट-जे भरायचं आणि पुढे जायचं. १८० दिवसांच्या आतच कार्ड आलं तर आणखी उत्तम. काही काळ जुन्या पदावर प्रामाणिकपणे काम करा आणि मग बढती घ्या, तेव्हा कोणत्याच फॉर्मची गरज नाही.

तुमच्या साहेबांना हे असं सांगता येईल: मला हे पद हवं आहे, माझ्या इमिग्रेशनचा एक टप्पा अचानक जवळ आला आहे, वकिलाशी बोलून पदाची तारीख सहा-सात महिने पुढची धरता येईल का? सध्या पगारवाढ द्या, जुन्याच पदावर ठेवा. पगार वाढल्याने पर्मला धक्का लागत नाही, तो लिहिलेल्या आकड्याच्या खाली जाता कामा नये एवढंच. बहुतेक साहेब यावर ‘ठीक आहे’ म्हणतात, कारण ग्रीन कार्ड मिळालेली मॅनेजर त्यांनाही सोयीची. फक्त मधल्या काळात कागदावर इंजिनिअर आणि प्रत्यक्षात मॅनेजर असं करू नका, आणि लिंक्डइनवर नवं पद आत्ताच झळकवू नका. यूएससीआयएस काम बघतं, पाटी नाही. पण पाटीवरून प्रश्न नक्की सुचतात.

महिनाअखेरच्या आत स्वतःचा वकील गाठा, एका तासाचे पैसे मोजून. कंपनीच्या वकिलाला विचाराच, पण त्याचं पहिलं गिऱ्हाईक कंपनी आहे. जाताना पर्म, आय-१४०, दोघांचे सगळे पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि यजमानांच्या जन्माचा जो असेल तो पुरावा न्या. वकिलाला विचारायचे प्रश्न दोनच: क्रॉस-चार्जेबिलिटी लागते का, आणि लागत असेल तर बढतीची तारीख कुठली धरू. क्रॉस-चार्जेबिलिटीत तुमच्या दोघांचे अर्ज एकमेकांच्या आधारावर उभे असतात, तुमच्या नोकरीवर ते आणि त्यांच्या जन्मावर तुम्ही, म्हणून दोघांना मंजुरी एकाच वेळी मिळावी लागते. यजमानांनी ‘तुझं होऊ दे, मी मागून भरतो’ म्हटलं तर चालणार नाही.

खर्चाचं म्हणाल तर आय-४८५ची फी मोठ्यांना प्रत्येकी १,४४० डॉलर आहे. चौदा वर्षांखालचं मूल आईवडिलांबरोबरच अर्ज भरत असेल तर ९५०. मुलीचा चौदावा वाढदिवस कधी आहे ते बघून ठेवा. ईएडीचे पैसे वेगळे. ही फी तुम्ही भरली तरी चालते. अर्ज गेल्यावर लगेच एच-१बी सोडू नका. अर्ज काही कारणाने नाकारला गेला तर पायाखाली जमीन हवी. भारतात जायचं झालं तर आधी वकिलाला विचारा. तुम्ही दोघं एच-१बी आणि एच-४च्या वैध व्हिसावर ये-जा करू शकता, पण व्हिसाची मुदत संपलेली असेल तर मुंबईला शिक्का मारून घेण्यात किती आठवडे जातील याचा नेम नाही.

आणखी एक. डिसेंबर २०२४पासून वैद्यकीय तपासणीचा फॉर्म आय-४८५बरोबरच जोडावा लागतो, मागून पाठवता येत नाही. सरकारमान्य डॉक्टरची वेळ लवकर घ्या. मुलीचं पुण्यातलं लसीकरणाचं कार्ड आणि तुम्हा दोघांच्या मिळतील त्या लशींच्या नोंदी शोधून ठेवा. नोंद सापडली नाही तर ते सरळ पुन्हा टोचतात.